माहेरचा दगड

४ एप्रिल

मोजपट्टी,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. जी मुलगी "उद्या बोलू" म्हणते आणि उजाडायच्या आत जीपमध्ये बसून पसार होते, तिला प्रिय म्हणायला मी काही साधुसंत नाही.

तुला जाऊन दोन महिने झाले. इथे फोन अजून लागत नाही, म्हणून फोन केला नाहीस हे माफ. पण टपाल येतं, दर बुधवारी, भाजीच्या गाडीतून. दर बुधवारी मी गाडीमागे धावतो आणि मावशी केंद्राच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गंमत बघते. परवा म्हणाली, "अरे, कोबी आलाय तो उचल. पत्रापेक्षा टिकतो." तुझा पत्ता सरांच्या टेबलावरच्या पाकिटावरून उतरवून घेतला. रागवायचं तर रागव.

गेल्या आठवड्यात कॉलेजची सहल आली होती. सरांचा गुडघा सुजलाय, म्हणून बोलायचं काम माझ्या गळ्यात. मी म्हटलं, मंडळी, हा आमचा राखी साप. विषारी आहे पण आळशी आहे, त्यामुळे अजून कोणी मेलेलं नाही. या डोंगराच्या या एकाच उतारावर तो उरलाय. अंडी घालत नाही, पिल्लं देतो. मादी पोटुशी राहिली की सगळा उतार ओलांडून या सपाट दगडाखाली येते, जिथे तिची आई आली होती. म्हणून याचं नाव माहेरचा दगड. एका मुलीने विचारलं, दुसरा दगड का चालत नाही? मी तुझं उत्तर दिलं, तुझ्याच आवाजात: फट दोन बोटांची हवी. जास्त झाली तर मुंगूस शिरतं, कमी झाली तर ऊन शिरत नाही. पोरं हसली. मला काही हसू आलं नाही.

यंदाही माद्यांत सासूबाई पहिल्या आल्या, मधली जागा पकडून बसल्या. धाकटी जाऊ कडेला, अंग चोरून. बाकीच्या येताहेत.

आणि उताराच्या खालच्या अंगाला लाल खुणा आल्यात. डोंगर कापून रस्ता रुंद करायचाय. सरांनी हरकत घेतली म्हणून समिती पाहणीला येणार आहे. सर म्हणतात, एवढ्या पोटुश्या माद्या एका दगडाखाली पाहिल्यावर कोण सुरुंग लावेल? सरांचा माणसांवर विश्वास आहे. माझा सुरुंगावर आहे.

तू परत ये. कॉलेज सोडलं तेव्हा बाबांनी विचारलं होतं, सापांसाठी सोडतोयस की कुणा मुलीसाठी? मी म्हटलं, सापांसाठी. खोटं बोललो.

तडतड्या


१७ एप्रिल

तडतड्या,

'प्रिय' खोडलंस, पण एकाच रेघेने. वाचता येतं. तुझं सगळंच असं.

आधी माझं. इथे कचेरीत बसते. खिडकी आहे, उघडत नाही. दुसऱ्यांनी मोजून आणलेलं दिवसभर तपासते. आईला आता शेजारणीला सांगता येतं की मुलगी ऑफिसात असते. चार वर्षं ती नुसतं 'बाहेर असते' म्हणायची, जशी काही मी तुरुंगात होते.

त्या दिवशी न बोलता गेले, कारण तुला 'हो' म्हणून बघितलं, मनातल्या मनात, तर ते जमेना. मग 'नाही' म्हणून बघितलं. तेही जमेना. जे मोजता येत नाही त्यावर मी आकडा टाकत नाही, हे तुला माहीत आहे.

आता पुढचं खाली बसून वाच. त्या रस्त्याचा पाहणी अहवाल आमचीच कचेरी करते. नोकरी धरली तेव्हा मला ठाऊक नव्हतं. समिती मे महिन्याच्या अखेरीस येणार आहे. त्याआधी, सात मेला, कंत्राटदार उतारावर चाचणीचा सुरुंग लावणार आहे. त्याला परवानगी नाही. उद्देश तू समजून घे: समिती येईपर्यंत दाखवायला काही उरू नये.

हे तुला लिहिणं म्हणजे माझी नोकरी पणाला लावणं आहे. सरांना सांग. फक्त सरांना. वर त्यांच्या शब्दाला किंमत आहे, एका दिवसात ते थांबवून आणतील. तू काही करू नकोस. परत लिहिते, तू काही करू नकोस. भडकायचंच असेल तर कोबीवर भडक.

सासूबाईंना सांग, मी विचारलंय.

मोजपट्टी


९ मे, पलीकडच्या डोंगरावरून

मोजपट्टी,

सुरुंगाला काही मिळालं नसेल. सगळ्या माझ्याकडे आहेत. सासूबाई, धाकटी जाऊ, थोरली, चकणी, एकूण एक पोटुशी मादी. नदीच्या या अंगाला, सुखरूप.

सरांना सांगितलं नाही. सांगायलाच गेलो होतो. सर गुडघा शेकत बसले होते, पुढ्यात तीन अर्जांच्या प्रती. तिन्हींना उत्तर नाही. मला दिसलं की मी तोंड उघडलं की चौथा अर्ज होणार. तेव्हा म्हटलं, बाबांना बरं नाही, घरी जाऊन येतो. सर म्हणाले, जा, पण वेळेत ये. समितीला तूच दाखवायचंस, माझ्याने आता दगड उचलवत नाही.

पहाटे गारठ्याने त्या सुस्त असतात, तेव्हा उचलल्या. चिमट्याने, अलगद, मावशीने वाळत घातलेल्या उशांच्या अभ्र्यांत. सासूबाईंनी जाता जाता चिमट्याला कडकडून घेतलं. दगड होता तसा परत ठेवला, हे सांगायला नको. नावेतून येताना नावाडी विचारत होता, अभ्र्यात काय? मी म्हटलं, पाहुणे.

तू म्हणशील, सरांनी पहिल्याच दिवशी काय शिकवलं? हलवलेला साप म्हणजे मेलेला साप. माहीत आहे. पण लोक साप नेतात आणि कुठल्याही झुडपात ओततात. मी तसं केलं नाही. आधी तीन दिवस नुसता दगड शोधत फिरलो. तुझी मापं मला पाठ आहेत. तेवढाच सपाट, तेवढाच जाड, तशाच उतारावर, सकाळचं ऊन उजव्या हाताने. खाली बारके दगड लावून फट बरोबर दोन बोटांची केली. नवं माहेर बांधलंय मी. तू बघितलंस तर तुलाही फरक सांगता येणार नाही.

तंबू शेजारीच टाकलाय. चांगला रिसीव्हर घेऊन आलोय, ज्यांच्या अंगात ट्रान्समीटर आहे त्यांची टिकटिक ऐकत बसतो. परवा सात तारीख झाली. स्फोट ऐकू आला नाही, पण वारा उलटा होता. समिती यायच्या आत सगळ्यांना परत नेऊन ठेवतो, सरांना पत्तासुद्धा लागणार नाही.

आता सांग, हे मोजता येतं का?

तुझा (हे खोडत नाही)
तडतड्या


१६ मे

तडतड्या,

सुरुंग लागला नाही. समितीला लवकर यायचं होतं म्हणून आमच्या कचेरीच्या साहेबांनी कंत्राटदाराला थांबवलं. समिती आठ तारखेला आली. तू तंबूत बसून टिकटिक ऐकत होतास तेव्हा.

मी बरोबर होते. साहेबांच्या गाडीतून उतरले. मला बघून सरांचा चेहरा उजळला. समितीतल्या बाईंना म्हणाले, ही माझ्या हाताखाली शिकली, आता काळजी नाही. चढताना दोनदा खाली बसले. मी हात दिला नाही. साहेब बघत होते.

दगड सरांनी स्वतः उचलला. खाली माती होती. त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. जुना रिसीव्हर चारी दिशांना फिरवला, नुसती खरखर. मग इतक्या वर्षांच्या नोंदी काढल्या. समितीतला एकजण म्हणाला, "नोंदी राहू द्या हो, साप कुठेत? रजेवर गेलेत का?" सगळे हसले. साहेब तेवढे हसले नाहीत, ते सभ्य आहेत.

सर म्हणाले, कुणीतरी चोरून नेले. मी खाली वाकून बघितलं. सरांनी उचलायच्या आधी दगडाची फट बरोबर दोन बोटांची होती, हे मी येतानाच पाहिलं होतं. चोर असा दगड ठेवत नाही. असा दगड ठेवणारी माणसं जगात तीन. दोन तिथे उभी होती.

मी गप्प बसले. बोलले असते तर तुला पोलिसांनी नेलं असतं आणि मला साहेबांनी घरी पाठवलं असतं. यातलं कुठलं भय मोठं होतं ते विचारू नकोस. अहवालात वाक्य आहे: 'पाहणीच्या दिवशी साप आढळले नाहीत.' खाली माझी सही. वाक्य खोटं नाही, तेच वाईट.

नवं माहेर बांधलंस. माहेर बांधता येतं का रे? ती तिथे जाते कारण ती तिथे जन्मली. एवढं तर सहलीच्या पोरांनाही सांगतोस.

एकेकीला परत आण. आज.

मोजपट्टी


२८ मे

बाईसाहेब,

उतारावर येताना गाडीची काच वर होती की खाली? आमची धूळ लागली असेल.

मी बसून हिशेब लावला. तारीख कुणी दिली? तू. सुरुंग लागला? नाही. कधी लागणार तरी होता का? तुझ्या साहेबांना उतार रिकामा हवा होता. हमाल हवा होता, तो तुला माहीत होता, कुठे बोट लावलं की भडकतो तेही माहीत होतं. 'तू काही करू नकोस' असं दोनदा लिहिलंस. मला ओळखणारं माणूस हे दोनदा लिहील का? छान माप घेतलंस माझं.

तुझ्या माहितीसाठी. नवं माहेर चार दिवसांत रिकामं झालं. निघाल्या त्या सगळ्या एकाच दिशेला, नदीकडे. वाटेत बिळं होती, सावली होती, खायला होतं. कुणी थांबली नाही. थोरली पाण्यात सापडली, फुगलेली. धाकट्या जावेला घारीने नेलं असणार, कारण ट्रान्समीटर झाडाखाली पडला होता आणि टिकटिकत होता. तो मी बराच वेळ हातात धरून उभा होतो. सासूबाई गाडीवाटेवर. चाक पोटावरून गेलेलं. पिल्लं पुरी झाली होती, अंगावरचे पट्टेसुद्धा दिसत होते. चकणी आणि अजून एक हाताला लागली, त्या दोघींना परत आणून दगडाखाली सोडलं. बाकीच्यांचा पत्ता नाही.

सरांपुढे जाऊन उभा राहिलो तर ते म्हणाले, बाबा कसे आहेत? मी म्हटलं, बरे आहेत. ते म्हणाले, आपल्याकडे चोरी झाली. मग मलाच समजावत बसले, वाईट वाटून घेऊ नकोस, तू असतास तरी काय केलं असतंस.

मावशी अभ्रे शोधतेय.

सही करताना हात कापला नसेलच. तुझा हात कधी कापत नाही. मला तोच आवडायचा.


५ जून

तुझं पत्र कचेरीच्या पत्त्यावर आलं. शिपाई भला माणूस, घरी आणून दिलं. मी आता तिथे नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच मी समितीला लिहून दिलं होतं: सुरुंगाची तारीख मी बाहेर फोडली, त्यामुळे माद्या हलवल्या गेल्या, अहवालातलं वाक्य अपुरं आहे. कुणी हलवल्या ते लिहिलं नाही. साहेबांनी त्याच दुपारी टेबल रिकामं करायला सांगितलं. आई शेजारणीला सांगते, मुलगी रजेवर आहे. रजेवर असणारे वाढत चाललेत.

समितीचं म्हणणं, नोकरीवरून काढलेल्या बाईचं काय ऐकायचं? ज्याने साप हलवले तो स्वतः येऊन सांगत असेल तर फेरविचार करू. शेवटची बैठक पंधरा जूनला आहे. त्यानंतर उतार गेला.

सुरुंगाची तारीख खरी होती. तुला फसवलं नाही. तुझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच चूक. यावर पुन्हा लिहिणार नाही.

तू गेलास तर तुझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि केंद्राचं दार तुला बंद होईल, हे समजून जा. आणि सरांना आधी सांग. भर बैठकीत त्यांना कळू देऊ नकोस. त्या उतारावर मी त्यांना हात दिला नाही, निदान तू एवढं कर.

अजून एक. 'नाही' म्हणायला जमत नव्हतं ना, आता जमतंय. बैठकीशी त्याचा संबंध लावू नयेस म्हणून आजच सांगते. तू गेलास तरी नाही. गेला नाहीस तरी नाही.


१९ जून

मोजपट्टी,

गेलो होतो.

आदल्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते पलंगावर पाय लांब करून बसले होते. मध्ये एकदाच बोलले. "सासूबाई पण?" मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता बाजूला ठेवला. मग म्हणाले, "रिसीव्हर टेबलावर ठेव." मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. शिव्या परवडल्या असत्या.

बैठकीला लांबलचक टेबल. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, माझ्यापुढे नव्हती. तुझा विश्वास बसणार नाही, मी एकदाही आवाज चढवला नाही. तारीख, दगड, अभ्रे, होडी, सगळं क्रमाने सांगितलं. कोण कुठे मेली ते सांगितलं. तुझं वाक्य म्हणून दाखवलं, की ती तिथे जाते कारण ती तिथे जन्मली. रजेचा विनोद करणारा गृहस्थ मन लावून ऐकत होता. त्याने लिहूनही घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

मग तो म्हणाला, "म्हणजे एका माणसाने, एका पहाटेत, उशीच्या अभ्र्यांत घालून सगळ्या माद्या नदीपार नेल्या?"

मी म्हटलं, हो.

"मग रस्ता का हलवायचा?"

तेव्हा मात्र मी ओरडलो. मेल्या, अहो, मेल्या त्या. तो शांतपणे म्हणाला, तुम्ही घाईत केलंत, परवानगी नव्हती, साधनं नव्हती. आता नीट करता येईल. बाईंनी मान डोलावली. ठराव झाला: रस्ता उतारावरूनच, त्याआधी सापांचं स्थलांतर. माझ्यावर गुन्हा नाही. हेतू चांगला होता म्हणे.

तुझ्या साहेबांनी जिन्यात गाठलं. खरंच सभ्य माणूस आहे. म्हणाले, स्थलांतराच्या कामाला अनुभवी माणूस हवाय, असा अनुभव दुसऱ्या कुणाकडे नाही. टेबल पण रिकामंच आहे, खिडकीजवळचं.

मी त्यांच्या अंगावर धावून जायला हवं होतं. गेलो नाही.

सरांना विचारायला गेलो. दारातच उभं केलं त्यांनी. म्हणाले, तू नाही म्हणालास तर ते यंत्र घालून उकरतील. तुला निदान कुठे कोण आहे ते माहीत आहे. मग म्हणाले, "जा. फक्त आता इथे राहू नकोस." मावशीने माझी वळकटी बांधूनच ठेवली होती. उशी होती, अभ्रा नव्हता.

मी हो म्हटलंय. सोमवारपासून काम सुरू. उतारावर अजून नर आहेत, गेल्या वर्षीची पिल्लं आहेत, त्या दोघीजणी आहेत. कागदावर माझ्या नावापुढे 'तज्ज्ञ' लिहिलंय. कॉलेज पुरं केलं असतं तरी एवढ्या लवकर झालो नसतो.

काय हव्या त्या शिव्या दे. उत्तर तेवढं दे.


२२ जून

तडतड्या,

तू हो म्हटलंस याचा राग नाही. सर म्हणतात ते बरोबर आहे. राग करायला माझ्याकडे जागाही उरलेली नाही.

कामाचं सांगते. चकणी आणि ती दुसरी, दोघी या आठवड्यात व्यायल्या असतील. पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या अंगाला चिकटून असतात. आठ-दहा दिवस. आईही तोवर खात नाही, हलत नाही, वाट अडवून बसते. त्या दिवसांत दगड उचललास तर ती दगडाबाहेर येऊन उन्हात ठाण मांडेल आणि पिल्लं चहूकडे पांगतील. एकही हाताला लागणार नाही.

साहेब म्हणतील, वेळ नाही. नम्रपणे म्हणतील, खुर्ची देऊन म्हणतील. कंत्राटदार यंत्र चालू करून ठेवील. तेव्हा भडक. जेवढं येतं तेवढं भडक. यंत्रापुढे आडवा पड, कागद फाड, ते खिडकीजवळचं टेबल उलटं कर. तुला हाकलतील, हाकलू देत. पण हाकलायला त्यांना जितके दिवस लागतील तितके दिवस काढ.

त्याने उतार वाचणार नाही. पिल्लं कात टाकतील, मग कुणीतरी त्यांना उचलेल, नदीपार सोडेल आणि तीही परत यायला निघतील. ते तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे.

तरी आठ-दहा दिवस मिळव.

मला उत्तर लिहू नकोस.